स्वच्छ अहवाल

केस्कीला गावातल्या खिडक्यांच्या कारखान्यात वर्ना लाहटीच्या नजरेतून खराब काच सुटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौकटीत बसण्याआधी प्रत्येक काच तिच्यासमोरच्या तिरक्या घोडीवर यायची, मागे पांढरा दिवा लागायचा आणि वर्ना मान किंचित डावीकडे कलती करून बघायची. केसाएवढा ओरखडा, दोन काचांच्या मध्ये अडकलेला धागा, कुणाच्या तरी अंगठ्याचा पुसट ठसा. लाल खडूनं गोल केला की काच परत. काच-कापणीवरची माणसं कुरकुरायची. "नवरा गेल्यापासून या बाईला काचेशिवाय दुसरं काही दिसत नाही," असं त्यांच्यातला एकजण म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं, तेव्हा तिनं त्या दिवशी त्याच्या अकरा काचा परत पाठवल्या. अकराही खरोखरच खराब होत्या, ही त्यातली गंमत.

नवरा आर्विड गेला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर तीन वर्षांनी तिचा डावा पाय बधिर व्हायला लागला. आधी वाटलं, थंडी. सुपिरियर सरोवराच्या काठावर सहा महिने बर्फ असतं, पाय बधिर होण्याचं कुणाला नवल? पण एप्रिलमध्ये बर्फ वितळलं तरी पाय काही जागा झाला नाही. जवळच्या मार्केट नावाच्या शहरातल्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टर हेडमन नावाच्या बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवरचं आवरण हळूहळू झिजत जातं. बरं होत नाही. जपलं तर सावकाश वाढतं.

पायाच्या बधिरपणाचं एवढं काही नव्हतं. छळ होता तो पेटक्यांचा. अंथरुणाला पाठ टेकली की दोन्ही पाय आपोआप ताठ व्हायचे, पोटऱ्यांचे दगड व्हायचे आणि गुडघे असे उडायचे की पलंग भिंतीवर आपटायचा. स्नायू सैल करायच्या गोळ्या घेतल्या, तर पाय सैल होण्याऐवजी लुळेच पडायचे. दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या, तर दुखणं लांब जायचं, पण त्याबरोबर बाकीचं सगळंही लांब जायचं. चर्चच्या गायनात ती एकदा चौथं कडवं सोडून पाचव्यावर गेली आणि दोन ओळी एकटीच गात राहिली. त्या दिवशी तिनं ती बाटली फडताळात मागे ढकलून दिली.

राज्यातल्या लोकांनी मत देऊन औषधी गांजाचा कायदा केला, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. डॉक्टर हेडमननी स्वतःच विषय काढला. वर्ना ताठ बसली.

"मी रविवारी मुलांचा बायबलचा वर्ग घेते, डॉक्टर."

"मग औषध रविवारी नका घेऊ," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "शनिवारी घ्या."

वर्नाला हसू आलं आणि मग तिला रडू आलं. शेवटी तिनं अर्जावर सही केली. राज्याचं कार्ड आलं. ज्यांना स्वतःला झाड लावायचं नव्हतं, त्यांच्यासाठी ते लावायची परवानगी दुसऱ्या कुणाला तरी मिळायची. तिच्या रस्त्यावर अशी परवानगी होती ती एल्मर नीमीकडे, म्हणजे खाणीतून निवृत्त झालेल्या, दात नसलेल्या, चर्चला कधीही न येणाऱ्या एल्मरकडे. वर्ना दारात उभी राहिली तेव्हा त्यानं तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"पाद्रीबुवांनी पाठवलं की काय मला सुधारायला?"

"डॉक्टरनी पाठवलं. आणि जास्त दात काढू नकोस."

"आहेत कुठे काढायला!" म्हणत एल्मरनं तिला आत घेतलं.

तो तिला पानं लोण्यात कढवून द्यायचा. रात्रीच्या जेवणानंतर वेलदोड्याच्या पावाच्या एका चकतीवर ते अर्धा चमचा लोणी लावून ती खायची. चव गवतासारखी. पण तासाभरात पोटऱ्या मऊ पडायच्या आणि पलंग जागच्या जागी राहायचा. सकाळी सहाला उठायची तेव्हा डोकं स्वच्छ असायचं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती सलग झोपायला लागली.

कारखान्याचा जुना मालक ऑस्कर पेलटो. तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी सुतारकामातल्या माणसांकडून तिच्यासाठी पाय टेकायला फळी असलेली उंच खुर्ची करून घेतली. "तुझी नजर ठीक आहे ना? मग झालं तर," एवढंच तो म्हणाला. पण ऑस्करला मुलगा नव्हता नि म्हातारपण होतं. त्यानं कारखाना विकला. घेणारी कंपनी दुसऱ्या राज्यातली, तिचे असे नऊ कारखाने.

नव्या कंपनीनं भिंतीवर नियम लावले. त्यातला सातवा असा, की सर्व कामगारांची अमली पदार्थांसाठी लघवीची तपासणी होईल.

वर्नाचा दीर रूडी तेव्हा तिच्याच पाळीचा मुकादम होता. आर्विडचा धाकटा भाऊ. आर्विडनंच त्याला कारखान्यात चिकटवलं होतं आणि पहिलं वर्षभर काचेला हात कसा लावायचा ते वर्नानं शिकवलं होतं. नियमाचा कागद लागला त्या दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोर येऊन बसला. डब्यातली पेस्टी, खाणकामगारांची ती मांस-बटाटा भरलेली करंजी, त्यानं उघडलीसुद्धा नाही.

"हे बघ, सोपं आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्या लिंडाची घे."

"काय घेऊ?"

"अगं, लघवी! छोट्या बाटलीत. काखेत धरून ठेवायची म्हणजे ऊब राहते. कापणीतले निम्मे जण तेच करणार आहेत."

वर्नानं घास तसाच हातात धरला. "रूडी, मी तुझ्या बायकोची लघवी काखेत घेऊन फिरू?"

"मग काय नोकरी घालवतेस?"

"का जाईल नोकरी? माझ्याकडे राज्याचं कार्ड आहे. मी काय गल्लीच्या कोपऱ्यावरून आणते का?"

"तू म्हणजे ना..." रूडीनं हात झटकले. "आर्विड म्हणायचाच, हिच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं."

"तो भिंतीशीही बोलत नसे. जेव आता."

तपासणीची वाट न बघता ती स्वतःच कार्ड, डॉक्टरांचं पत्र नि औषधाचा तपशील घेऊन ऑफिसात गेली. कामगारांचं बघणारी नवी बाई पॉला ब्रेनन तिशीच्या आतली होती, बोलायला गोड. तिनं कागद नीट वाचले.

"मिसेस लाहटी, तुमच्या खुर्चीचं बघितलं मी. अपंग कामगाराला सोय देणं ही कायद्यानं आमची जबाबदारी आहे. त्यात आम्ही कुठेही कमी पडणार नाही. हवी तर आणखी चांगली खुर्ची मागवू."

"खुर्ची छान आहे," वर्ना म्हणाली. "पण मी त्या खुर्चीवर आठ तास बसू शकते ती या औषधामुळे. ते नसलं तर खुर्ची रिकामीच राहील."

पॉलानं कागदांच्या कडा जुळवल्या. "मी वर विचारते."

वरून उत्तर यायच्या आत तपासणीची गाडी आली. एकशे चाळीस माणसं रांगेनं छोट्या कपात लघवी देऊन आली. कापणीतल्या कित्येकांच्या काखा त्या दिवशी फुगलेल्या होत्या आणि ते सगळे सुटले. नऊ दिवसांनी निकाल आले. वर्नाच्या निकालावर जे यायचं तेच आलं होतं. रात्री खाल्लेलं लोणी सकाळी डोक्यात राहत नसलं, तरी लघवीत कित्येक दिवस राहतं. ती तपासणी फक्त अंगात काय आहे ते सांगते, माणूस काम कसं करतो ते सांगत नाही.

तिला बाहेर काढायचं काम मुकादमाचं होतं.

रूडी दहा वाजता तिच्या घोडीपाशी आला. हातात रिकामं खोकं. वर्ना एका मोठ्या काचेवर वाकली होती. तिनं वर बघितलं नाही.

"एवढी संपवू दे," ती म्हणाली.

त्यानं संपवू दिली. काच चांगली होती. तिनं दिवा बंद केला, लाल खडू जागेवर ठेवला आणि काठी घेऊन उठली. खोक्यात भरण्यासारखं फारसं काही नव्हतंच. एक स्वेटर, कॉफीचा मग, आर्विडचा फोटो. सगळे यंत्रं थांबवून बघत होते, आणि ज्याच्या अकरा काचा परत गेल्या होत्या तो माणूस टोपी काढून उभा होता. दारापर्यंत पोचायला वर्नाला नेहमी चार मिनिटं लागायची. त्या दिवशी रूडीला ती चार मिनिटं संपता संपेनात.

गाडीपाशी तो म्हणाला, "मी काय करू शकत होतो, सांग ना."

वर्नानं खोकं त्याच्या हातातून घेऊन सीटवर ठेवलं. "मी विचारलं का तुला काही?"

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर रूडीला बरं वाटलं असतं.

मार्केट शहरातले वकील लेनर्ड टर्कॉट यांनी तिची फिर्याद घेतली, पण पहिल्याच भेटीत साफ सांगितलं. राज्याचा कायदा म्हणतो, हिला पोलीस पकडणार नाहीत. खाजगी मालक हिला कामावर ठेवेलच, असं तो कुठेही स्पष्ट म्हणत नाही. आणि अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे तो सबंध देशाचा. देशाच्या कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे. तो घेणाऱ्याला त्या बाबतीत तो कायदा संरक्षण देत नाही.

"म्हणजे माझा आजार कायद्याला मान्य आहे," वर्ना सावकाश म्हणाली, "नि त्यावरचं औषध मान्य नाही."

"इतकं सोपं करून मला कोर्टात मांडता आलं असतं तर..." टर्कॉट म्हणाले.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं तिचं कौतुकच केलं. सव्वीस वर्षांची नोकरी, एकही ठपका नाही, कामावर कधी नशेत दिसल्याचा आरोपही आम्ही करत नाही. आम्ही फक्त सर्वांना सारखा नियम लावला. न्यायाधीश वयस्क होते. निकाल वाचताना ते दोनदा थांबले. या बाईंबद्दल मला सहानुभूती आहे, पण कायद्यात जे लिहिलेलं नाही ते मी लिहू शकत नाही, असं ते म्हणाले. फिर्याद काढून टाकली. वर्ना बाकावरून उठायला लागली तेव्हा तिचा पाय असा ताठ झाला, की टर्कॉटना तिला खाली बसवून दहा मिनिटं वाट बघावी लागली. तोवर न्यायाधीश पुढच्या खटल्याकडे वळले होते.

नोकरीबरोबर आरोग्यविमा गेला आणि विम्याबरोबर आजार रोखून धरणारी महिन्याची इंजेक्शनं. हिवाळा संपेपर्यंत ती उजवा पायही ओढत चालायला लागली.

मार्चमध्ये पॉला ब्रेननचा फोन आला. वर्नाच्या जागी दोन माणसं लावून पाहिली होती, पण तक्रारी थांबत नव्हत्या. शिवाय गावच्या पेपरात खटल्याची बातमी आली होती, ती वरच्या लोकांना बोचली होती. पॉलानं हे असं बोलून दाखवलं नाही, पण वर्नाला कळलं. कंपनी तिला परत घ्यायला तयार होती. अट एकच. गांजा बंद, आणि त्याऐवजी औषधांच्या दुकानात मिळणारं कुठलंही औषध.

"कुठलंही?"

"डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं असलं की झालं. तपासणीत ते दिसलं तरी अहवाल स्वच्छच धरतात."

डॉक्टर हेडमननी हात जोडायचेच बाकी ठेवले. "वर्ना, या गोळ्यांनी तुमचं काय होतं ते आपण पाहिलंय."

"इंजेक्शनंही पाहिली आहेत," वर्ना म्हणाली. "ती नसल्यावर काय होतं तेही बघतेच आहे. विमा मला नोकरीशिवाय कोण देणार? तुम्ही?"

डॉक्टरनी चिठ्ठी लिहिली.

ती परत गेली त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी दालचिनीचे रोल आणले होते. रूडीनं खुर्ची पुसून ठेवली होती. वर्ना चढून बसली, दिवा लावला, मान डावीकडे कलती केली. काच तिच्यासमोर होती. काच आणि ती यांच्यामध्ये मात्र दुधासारखं काहीतरी होतं. तिला वाटलं, दिवा जुना झालाय. दुपारी तिनं दिवा बदलायला लावला.

दिवस गेले. पेटके थांबले नव्हते, पण ते दुसऱ्याच कुणाला तरी येताहेत असं वाटायचं. ती दिवसाला पूर्वीएवढ्याच काचा तपासायची. लाल खडू हल्ली पुरत होता, पूर्वी आठवड्याला एक लागायचा. कापणीतली माणसं खूश होती. "वर्ना निवळली," ती म्हणायची. महिन्यानं पुन्हा तपासणी झाली आणि पॉला स्वतः कागद घेऊन खाली आली.

"एकदम स्वच्छ, मिसेस लाहटी! मला फार फार आनंद झालाय." आणि तिला खरंच झाला होता.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी पाळी साडेतीनला सुटली. वर्ना गाडीपर्यंत गेली आणि चष्म्याचं घर आत राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. काठी टेकत ती परत आली. कारखाना रिकामा होता, फक्त तिच्या घोडीमागचा दिवा जळत होता. त्याच्यासमोर रूडी उभा होता. तो तिच्या हाताखालून गेलेल्या काचा एकेक करून उचलत होता, मान डावीकडे कलती करून बघत होता. तिनंच शिकवलं होतं त्याला तसं. त्याच्या हातात लाल खडू होता.

तिनं पाहिलं, त्यानं एका काचेवर गोल केला. मग दुसऱ्या.

"किती दिवस?" ती म्हणाली.

रूडी दचकला. खडू खाली पडून तुटला. "अगं, मी सहज..."

"किती दिवस, रूडी?"

"पहिल्या आठवड्यापासून." तो जमिनीकडे बघत होता. "रोज नाही. म्हणजे... रोजच."

वर्ना त्या काचेजवळ गेली. तिनं लाल गोलाच्या आत बघितलं. काही दिसेना. तिनं चष्मा पुसला, पुढे झाली, मागे झाली. आत स्वच्छ पांढरा उजेड होता फक्त. रूडीनं तिचा उजवा हात हळूच धरला आणि तिचं नख काचेवर टेकवून खाली ओढलं. नख अडकलं. चांगला वीतभर ओरखडा होता.

तिनं बोट तिथेच ठेवलं.

"कुणाला कळलं नसतं," रूडी म्हणाला. "मी निवृत्त होईपर्यंत केलं असतं मी हे. खरंच सांगतो. काय मोठंसं, तासभर तर लागतो."

"माझा नंबर असतो ना त्या प्रत्येक काचेवर?"

"असू दे की."

"नाही," वर्ना म्हणाली. "तो नको असू दे."

दुसऱ्या दिवशी ती पॉलाकडे गेली. राजीनामा तिनं रात्री वहीच्या पानावर लिहून ठेवला होता. पॉलाला काही समजेना. अहवाल स्वच्छ, काम वेळेवर, वरचे लोक खूश. मग झालं काय?

"तुम्ही मला काढलं तेव्हा माझ्या हातून खराब काच जात नव्हती," वर्ना म्हणाली. "आता रोज जाते. हे माझ्या फाइलीत लिहा. कुठलं औषध घेत असताना काय होत होतं, ते तारखांसकट लिहा."

"असं लिहायला तक्ता नाहीये आमच्याकडे," पॉला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मिसेस लाहटी, मी हे ठरवत नाही हो."

"माहीत आहे बाई. कुणीच ठरवत नाही."

अपंगत्वाचं सरकारी निवृत्तिवेतन मंजूर व्हायला चौदा महिने गेले आणि सरकारी विमा त्याच्याही नंतर. इंजेक्शनं परत सुरू झाली तेव्हा उजवा पाय जवळपास गेला होता, जो गेला तो परत आला नाही. एल्मरचं लोणी मात्र तिनं राजीनाम्याच्या दिवशीच पुन्हा चालू केलं. पंधरा दिवसांत समोरचं दूध ओसरलं. एका सकाळी कॉफी पिताना स्वयंपाकघराच्या खिडकीत, उजव्या कोपऱ्यात, तिला एक बारीकसा बुडबुडा दिसला. पेलटोच्या काळातली काच, तिच्या आधीच्या कुणीतरी तपासलेली. वर्नानं कप खाली ठेवला आणि ओट्याला धरून खूप रडली.

त्याच्या पुढच्या वसंतात टर्कॉट यांचा फोन आला. लान्सिंगला, राज्याच्या राजधानीत, एका आमदार बाईंनी सुधारणेचा मसुदा मांडला होता. कार्डधारक रुग्णाला कामावर नशेत नसताना नुसत्या तपासणीवरून काढता येऊ नये, असा. समितीपुढे लोकांची म्हणणी ऐकून घेणार होते. प्रत्येकाला तीन मिनिटं.

"सात तास जायचं नि तीन मिनिटं बोलायचं?" वर्ना म्हणाली.

"हो," टर्कॉट म्हणाले.

रूडी तिला घेऊन गेला. कामावर त्यानं दुखणं कळवून रजा घेतली होती. समितीच्या खोलीत गालिचा होता आणि तिची चाकांची खुर्ची त्यात रुतत होती. वर्नानं सव्वीस वर्षं, खुर्ची, लोणी, गोळ्या आणि वीतभर ओरखडा हे सगळं तीन मिनिटांत बसवलं. एक आमदार फोनकडे बघत होता. अध्यक्षांनी आभार मानले आणि विचारलं, आणखी कुणी?

तेव्हा रूडी उठला. त्याचं नाव यादीत नव्हतं. टोपी दोन्ही हातांत पिळत तो म्हणाला, "मी रुडॉल्फ लाहटी. मी यांचा मुकादम. यांना दारापर्यंत मीच नेऊन सोडलं."

अध्यक्षांनी त्याला बोलू दिलं.

"मला काचेतलं जे काही येतं ते यांनी शिकवलंय. पहिल्यांदा कंपनीनं यांना काढलं... म्हणजे आम्ही काढलं... तेव्हा त्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. परत घेतलं तेव्हा यांची काच मी तपासत होतो. मी. नि कंपनीच्या कागदावर तेव्हा सगळं ठीक होतं. मला एवढंच सांगायचंय. तेव्हा मी काही बोललो नाही." तो आणखी काहीतरी शोधत उभा राहिला. मग खाली बसला.

मसुदा त्या समितीतून बाहेर आलाच नाही. डिसेंबरमध्ये अधिवेशनाची मुदत संपली आणि तो आपोआप मेला. रूडी लान्सिंगला गेल्याचं कारखान्यात कळलं. त्याला कुणी काढलं नाही, पण मुकादमी गेली आणि त्याला माल चढवायच्या धक्क्यावर टाकलं. या दोन्ही गोष्टी पुढच्या. त्या दिवशी परत येताना दोघांनाही काही माहीत नव्हतं.

वाटेत पेट्रोल भरताना रूडीनं विचारलं, "बरं बोललो का मी?"

"उशिरा बोललास," वर्ना म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "बोललास पण."

घरच्या वाटेवरचा मॅकिनॉचा लांब पूल वाऱ्यामुळे बंद होता. अलीकडच्या तीरावर गाड्यांची लांब रांग लागली होती, खाली सामुद्रधुनीचं पाणी पांढरं झालं होतं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. दिवसभर बसून वर्नाचं अंग आंबलं होतं आणि औषध घरी होतं. तिनं दाराची मूठ घट्ट धरली. रूडीला आधी वाटलं, तिला वाऱ्याची भीती वाटतेय. मग तिचा पाय ताठ होऊन गाडीच्या पुढच्या फळीवर आदळला, परत आदळला, आणि तिच्या तोंडून असा आवाज आला, जो त्यानं इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता.

तो खाली उतरला, वळसा घालून आला, वाऱ्याशी झोंबत तिच्या बाजूचं दार उघडलं. "काय करू? सांग, काय करू?"

"धर. पोटरी. जोरात, जोरात धर."

तो गाडीच्या उंबऱ्यावर बसला आणि तिचा पाय मांडीवर घेतला. पोटरी लाकडासारखी झाली होती आणि तिच्या आत काहीतरी जिवंत उसळत होतं. तो दोन्ही हातांनी दाबून बसला.

"असं रोज होतं?"

"हे बरं म्हणायचं," वर्ना दात आवळून म्हणाली.

"आणि तू मला कधी..."

"सांगितलं होतं की. तुला, ऑस्करला, ऑफिसात, कोर्टात. आज पण सांगितलं." तिनं डोळे मिटले. "सांगून कळण्यासारखं नाहीच ते."

रूडीचे खांदे हलत होते, ते वाऱ्यानं की कशानं, हे तिनं बघितलं नाही. तिच्या पायातली उसळी एक जायची, दुसरी यायची. मग दोन उसळ्यांमध्ये जरा अंतर पडायला लागलं.

पुढच्या गाड्यांचे दिवे लागले. रांग हलली. मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, मग आणखी एकानं.

"पूल उघडला," वर्ना म्हणाली.

"उघडू दे."

"अजून पूर्ण सुटला नाही रे."

"माहीत आहे," रूडी म्हणाला. "कळतंय मला हाताला." आणि मागे भोंगे वाजत राहिले तरी तो पाय मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिला.